तिला आधी पाणी पिऊ द्या

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात आम्ही 1950 सालची 22 फुटी क्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्समन घेतली. महॉगनीची बोट, सहा सिलिंडरचं इंजिन चालू स्थितीत. हिवाळाभर ती गरम गॅरेजमध्ये होती. मे महिन्यात तळ्यात सोडली, तर तळाच्या फटीफटींतून पाणी आलं आणि पंधरा मिनिटांत घोटाभर साचलं. घाबरून परत ट्रेलरवर घेतली. शेजारी म्हणतो, फटी सिलिकॉननं बुजव, नाहीतर तळाला फायबरग्लास चढव. 20 जूनला आईबाबा सांगलीहून येताहेत. त्यांना आणि मित्रांना घेऊन पहिली फेरी मारायची आहे. काय करू?
– एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

उत्तर : सिलिकॉन लावू नका, आणि फायबरग्लास तर मुळीच नको. तुम्ही सांगितलंत त्यावरून तुमची बोट मोडलेली नाही, तहानलेली आहे.

माझं बालपण देवगडचं. मामाची होडी दुरुस्तीसाठी वाळूवर काढली की उन्हानं तिच्या फळ्यांमध्ये फटी पडायच्या. पाण्यात लोटायच्या आधी मामा आम्हा मुलांना कळशीनं पाणी आणायला लावायचा आणि आत ओली गोणपाटं अंथरायचा. मला घाई झालेली असायची. तो म्हणायचा, "तिका आधी पाणी पिवक दी." पुढे मिशिगनला आले, नवऱ्यानं आणि मी तुमच्यासारखीच बोट घेतली, तेव्हा पहिल्या वर्षी मीही घाबरले आणि मग मामा आठवला.

कोरडी महॉगनी आक्रसते, भिजली की रुंदीत फुगते आणि फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. फटीत आधीच काही कडक भरून ठेवलंत, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मग ती स्क्रू उपसते किंवा आतल्या ओकच्या फासळीला तडा देते. सिलिकॉन भले मऊ असेल, पण लाकडाच्या रंध्रांत शिरलं की पुढे त्यावर रंगही धरत नाही, व्हार्निशही नाही. फायबरग्लासच्या आवरणाखाली ओल कोंडते आणि चांगलं लाकूड कुजतं. अशा दोन सुंदर बोटी मी वाया गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

भिजवण्याआधी तळ तपासा. या बोटींचा मूळ तळ दुपदरी असतो : आत तिरप्या पातळ फळ्या, बाहेर लांबीच्या दिशेनं जाड फळ्या आणि मध्ये कापड. पुष्कळ जणांनी नंतर थ्री-एम 5200 हा रबरी चिकट पदार्थ वापरून तळ नव्यानं बांधून घेतलाय. तसा तळ भिजवावा लागत नाही. तुमच्याकडे फटीफटींतून पाणी आलं, म्हणजे तळ जुन्या पद्धतीचा दिसतो. अणकुचीदार टोचा घेऊन नाळेजवळ म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, मागच्या आडव्या फळीच्या कोपऱ्यांत आणि तळ जिथे बाजूला मिळतो त्या कडेनं टोचून बघा. टोचा लोण्यात शिरल्यासारखा आत गेला, तर थांबा आणि कारागीर गाठा. चार-पाच ठिकाणची लाकडी बुचं उडवून स्क्रूही काढून पाहा. स्क्रू गुलाबी आणि ठिसूळ निघाला, तर पितळातलं जस्त निघून गेलंय असं समजा. असे स्क्रू थोडेच असतील तर त्या जागी सिलिकॉन-ब्राँझचे बसवता येतील. बरेच निघाले, तर या उन्हाळ्यात बोट पाण्यात घालू नका. आईबाबांना ती ट्रेलरवरच दाखवा.

सगळं ठीक असेल तर 12 जूनला सुरुवात करा. बोट ट्रेलरवरच ठेवा, आत जुने टॉवेल आणि पोती अंथरा आणि ती सतत ओली ठेवा. खालून तळावर फवाऱ्याचा पाइप सोडा. बोट पाण्यानं भरू मात्र नका, तेवढा भार आतून पेलायला ती बांधलेली नाही. तीन-चार दिवसांनी उथळ पाण्यात सोडा. दोन पंप हवेत आणि बॅटरी चार्जरला जोडलेली हवी. पहिल्या रात्री तिला एकटी सोडू नका. आम्ही दोघं धक्क्यावर गाडीतच झोपलो होतो आणि दर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघून येत होतो. रात्री अकराला पंप दर दहा मिनिटांनी चालत होता. पहाटे जाग आली ती पंपाचा आवाज येत नव्हता म्हणून. धावत गेले, तर आत जेमतेम ओल होती.

पंख्याचा शाफ्ट म्हणजे दांडा तळातून जिथून बाहेर पडतो तिथे अधूनमधून थेंब पडेल. तो पडायलाच हवा, आवळून बंद करू नका.

पेट्रोलबद्दल मात्र मी अजिबात सूट देत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साठते. इंजिन सुरू करण्याआधी झाकण उघडा, वास घ्या आणि ब्लोअर, म्हणजे तळातली हवा बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं घड्याळ लावून चालवा, मित्र कितीही घाई करोत. 6 वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर लाइफ जॅकेट घालणं मिशिगनमध्ये कायद्यानंच सक्तीचं आहे. मी म्हणेन, आईबाबांनाही घाला.

व्हार्निश यंदा खरवडू नका. 320 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून दोन हात द्या. हे काम बाबांना द्या. माझे सासरे भारतातून आले होते, दोन दिवसांत त्यांना करमेनासं झालं. त्यांच्या हातात पेपर दिला आणि तिसऱ्या दिवशी ते सकाळी सहालाच गॅरेजमध्ये हजर! जमीन ओली करून घ्यायची, म्हणजे धूळ उडत नाही, ही युक्ती त्यांचीच.

आणखी एक. क्रिस-क्राफ्टच्या कारखान्यातली हल कार्डं, म्हणजे एकेका बोटीच्या नोंदीची कार्डं, व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये जपलेली आहेत. बोटीवर कोरलेला हल क्रमांक कळवून तुमच्या बोटीच्या कार्डाची प्रत मागवा. आमच्या कार्डावर इंजिन कोणतं बसवलं आणि बोट कोणाकडे रवाना झाली, हे लिहिलेलं आहे. ते आम्ही फ्रेम करून लावलंय.

ऑगस्टमध्ये आपल्या मिशिगनमधल्याच हेसल गावी लाकडी बोटींचं प्रदर्शन भरतं. आम्ही धक्क्यावर असू. आईबाबांना घेऊन या, इंजिनाच्या पेटीवर पोह्यांचा डबा ठेवलेली बोट आमची.