मीटिंगला ओळखीचं कोणी भेटलं तर?

तालुक्याच्या गावातले एक माध्यमिक शिक्षक. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतेच घरी आलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) केंद्रात त्यांना ‘ए.ए.ला जात राहा’ असं बजावून सांगितलं होतं. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट. पण पाय निघत नव्हता. “मीटिंगला एखादा पालक दिसला, तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कसा बसू?” ही त्यांची काळजी. आणि “हे जातच नाहीत, मी काय करू?” ही पत्नीची.

भीती खरी आहे, तिला उगाच म्हणून चालत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. जो पालक तिथे भेटेल, तो स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या दारूसाठीच आलेला असेल. झाकायचं त्यालाही तितकंच असतं. दुसरं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ अनामिकतेवरच उभी आहे. आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नाही, फी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात सभासद मनाला येईल ते टाकतात. नवख्याने काहीच टाकलं नाही तरी चालतं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

तरीही पहिल्या काही मीटिंग शेजारच्या गावात कराव्यात, असं सरांना सुचवलं. बसने तासाभराचं अंतर असलं तरी चालेल. मन स्थिरावलं की गावातला ग्रुप आहेच.

ग्रुप शोधताना लोक एक चूक हमखास करतात: जुन्या यादीतला पत्ता घेऊन थेट निघतात. बऱ्याच मीटिंग शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा आल्या, सण आले की जागा बदलते. सरांचंही तेच झालं. कुलूप पाहून परतले आणि “बघा, नशिबातच नाही” म्हणाले. म्हणून आधी फोन करायचा. नंबर ए.ए.च्या संकेतस्थळावर मिळतो, किंवा ज्या केंद्रात उपचार झाले तिथले समुपदेशक देतात. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइनही जवळच्या मदतीची माहिती देते. फोनवर विचारायचं: या आठवड्यात मीटिंग नक्की कुठे आणि किती वाजता, भाषा मराठी आहे ना, ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, आणि दारात भेटायला कोणी येईल का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दारात कोणी वाट पाहतंय म्हटल्यावर माणूस रस्त्यातून माघारी फिरत नाही.

ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात; क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. एकेक जण बोलतो, मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. “आज मी फक्त ऐकतो” म्हटलं की पुरतं.

पहिल्या मीटिंगनंतर सर म्हणाले, “तिथे एकाची नोकरी गेलीय, एक फूटपाथवर झोपत होता. मी तसा नाही.” पाय मागे घेणारी बहुतेक माणसं इथूनच मागे घेतात, कारण तुलनेत आपण बरे ठरतो आणि बरा माणूस कशाला जाईल? म्हणून त्यांना एवढंच करायला सांगितलं, की पुढच्या वेळी प्रसंग ऐकू नका, मन ऐका. लपवून ठेवलेली बाटली, मोडलेली शपथ, सकाळी थरथरणारे हात. यातलं तुमचं काय? तिसऱ्या मीटिंगहून आले ते गप्प होते. मग म्हणाले, “शपथांचं माझंच बोलत होता तो.”

एका मीटिंगवरून ग्रुप ठरवू नये. किमान सहा करा, दोन वेगळे ग्रुप पाहा. निघताना दोन-तीन अनुभवी सभासदांचे नंबर घ्या आणि त्याच आठवड्यात एक साधा फोन करा, तल्लफ नसतानाच. ज्याला कधी सहज फोन केला नाही, त्याला ऐन तल्लफेत करवत नाही. ‘औषधाच्या गोळ्याही सोड’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, ए.ए.चं नव्हे.

वहिनी ग्रुपला फोन करून “आज आले होते का?” विचारत. ग्रुप ते सांगत नाही, सांगायलाही नको. त्यांच्यासाठी ॲल-अनॉन हे कुटुंबीयांचे वेगळे गट असतात. त्या तिथे जायला लागल्यावर खिसे तपासणं कमी झालं आणि घरातला ताण बराच उतरला.

पाचव्या महिन्यात एका लग्नात सर प्यायले. लाजेने मीटिंग टाळण्याची वेळ हीच, आणि जाण्याचीही हीच. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिथे कोणी रागावलं नाही, दारूविना गेलेले दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले. पण पिणं रोजचं होऊन काही दिवस चाललं असेल, तर घरच्या घरी एकदम थांबवू नका. शेवटच्या पेगनंतर दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. अशा वेळी आधी दवाखाना, मीटिंग त्यानंतर.