वाचकांचे प्रश्न : ‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’

प्रश्न : दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. सध्या मी रत्नागिरीत अर्थशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि पेपर इंग्रजीतून लिहिते. आमच्या गावच्या रापणीवर, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, मी १५ पानांचा प्रकल्प लिहिला. सरांनी ‘हे इंग्रजी वाटत नाही आणि काय म्हणायचे आहे ते दहाव्या पानापर्यंत कळत नाही’ असा शेरा मारून तो परत दिला. मी प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहून लिहिला होता. मग चुकले कुठे? सोबत चार पाने पाठवत आहे.
– एक विद्यार्थिनी, देवगड तालुका

उत्तर : तुमची चारही पाने मी दोनदा वाचली. स्पेलिंगची चूक एकही सापडली नाही आणि शब्दही बहुतेक नेमके आहेत. तरीसुद्धा सरांचा शेरा मला रास्त वाटतो, कारण या पानांवरचे शब्द इंग्रजी असले तरी वाक्यांची बांधणी मराठीच राहिली आहे. शब्दकोश शब्दाला शब्द देतो. वाक्य कसे बांधायचे, हे त्याला विचारून उपयोग नसतो.

पहिल्याच परिच्छेदात तुम्ही ‘वुई हॅड गॉन टु द बीच ऑन संडे’ असे लिहिले आहे. ‘रविवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. जाणे झाले, येणेही झाले, एवढेच त्या ‘होतो’मधून सूचित होते. इंग्रजी वाचक मात्र ‘हॅड गॉन’ वाचताच ‘कशाच्या आधी?’ म्हणून थांबतो, कारण भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घडून गेली होती, हे सांगायचे असेल तेव्हाच हे रूप वापरायचे असते. तुमच्या वाक्यात अशी दुसरी घटना नाही, तेव्हा तेथे साधे ‘वेंट’ पुरे. मी स्वतः गुहागरहून मुंबईला शिकायला गेलो, तेव्हा माझ्या पहिल्या निबंधातले अकरा ‘हॅड’ लाल शाईच्या वर्तुळांत अडकून परत आले होते. कारण कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याची माझी छाती झाली नाही; ‘हॅड’चे स्पेलिंग चुकले असावे, अशीच माझी कित्येक दिवस समजूत होती.

दुसरी खूण ‘जरी–तरी’ची आहे. मराठीत ही जोडी असते, एक आला की दुसरा मागोमाग येतो. ‘ऑल्दो द कॅच वॉज स्मॉल, बट एव्हरी हाउस गॉट इट्स शेअर’ या तुमच्या वाक्यात तीच जोडी आली आहे. इंग्रजीत ‘ऑल्दो’ घेतला तर ‘बट’ गाळावा, ‘बट’ ठेवायचा असेल तर ‘ऑल्दो’ गाळावा. ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’वरून येणाऱ्या ‘अ‍ॅज – सो’ची गतही तीच आहे.

‘ओढून’मधला ‘ऊन’ आणि ‘झाल्यावर’ या रूपांबाबत मात्र अधिक सावध राहायला हवे. ‘जाळे ओढून झाल्यावर बांगड्याचा लिलाव झाला’ हे वाक्य वाचून कोणी गोंधळत नाही, कारण जाळे माणसांनी ओढले, हे आपण गृहीत धरतो. तुम्ही त्याचे ‘आफ्टर पुलिंग द नेट अशोअर, द मॅकरेल वॉज ऑक्शन्ड’ असे रूपांतर केले आहे. अशा रचनेत, स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो त्यानेच आधीची क्रिया केली, असे इंग्रजी वाचक धरून चालतो; म्हणजे तुमच्या गावात बांगड्यानेच जाळे ओढले आणि वर त्याचाच लिलाव झाला! ओढणारे कोण ते कर्ता म्हणून लिहा, ‘द मेन पुल्ड द नेट अशोअर’, आणि लिलावाचे वाक्य वेगळे करा. याच पानावर ‘पाऊस थांबला, होड्या निघाल्या’ या धर्तीची, नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली सहा वाक्ये आहेत. मराठीत ती चालतात, शोभतातही. इंग्रजीत ती चूक समजली जाते आणि तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’ लागतो. गंमत अशी, की ही विरामचिन्हे मराठी गद्यात रुजली ती १९व्या शतकात, तीही इंग्रजीच्या सहवासातून. नियम मात्र आपण आपल्या सोयीने सैल केले.

‘अ’ आणि ‘द’ यांची धास्ती तुम्ही पत्रात बोलून दाखवली आहे. आपल्या भाषेत ही उपपदे नाहीत, म्हणून हा दोष सर्वांत शेवटी सुटतो, आणि माझ्या अनुभवात पूर्णपणे कधीच सुटत नाही. तरी अर्धे काम एका प्रश्नाने होते : मी कोणत्या वस्तूविषयी बोलत आहे, हे वाचकाला आता ठाऊक आहे का? होडी प्रथम आली तर ‘अ बोट’, पुढच्या वाक्यात तीच होडी परतली तर ‘द बोट’. उरलेल्या अर्ध्यात मोजता येणाऱ्या व न येणाऱ्या नामांचा घोळ असतो. ‘माहिती’चे अनेकवचन आपण करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ तुम्ही अचूक वापरला आहे. पण ‘पुरावे’ आणि ‘संशोधने’ मराठीत चालत असल्याने ‘एव्हिडन्सेस’ आणि ‘रिसर्चेस’ तुमच्या पानांत शिरले आहेत. ते काढा. ‘फिशेस’ मात्र तुम्ही खोडला आहे, तो खोडायला नको होता, कारण तेथे तुम्ही बांगडा, तारली, सुरमई अशा निरनिराळ्या जातींविषयी लिहीत आहात, आणि जातींविषयी लिहिताना हे अनेकवचन इंग्रजीत रूढ आहे.

आता शेऱ्याच्या उत्तरार्धाकडे येतो, कारण माझ्या मते तुमचे खरे नुकसान तेथे झाले आहे. व्याकरणाच्या चुका सर सुधारून देतील, पण तुमचा मुद्दा तुमच्या वतीने दुसरे कोण मांडणार? तुमचा प्रकल्प ‘प्राचीन काळापासून मानव समुद्रावर अवलंबून आहे’ या वाक्याने सुरू होतो. मग कोकणचा भूगोल, मग माशांचे पौष्टिक गुण, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे थेट दहाव्या पानावर तुमचे स्वतःचे निरीक्षण येते : तरुण मुले यांत्रिक नौकांवर किंवा मुंबईला गेल्यामुळे रापण ओढायला पुरेसे हात उरले नाहीत, आणि म्हणून मासळीच्या वाट्यांची जुनी पद्धत मोडली. हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवे होते. शालेय निबंधात प्रस्तावना लांबवत नेण्याची सवय आपल्याला लागते आणि तिलाच आपण ‘मराठी पद्धत’ समजू लागतो. प्रत्यक्षात आपल्या देवळांतल्या नारदीय कीर्तनाची बांधणी आठवून पाहा. बुवा आधी मूळपद, म्हणजे ज्यावर सगळे कीर्तन बेतलेले असते ते पद, म्हणतात, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच पदावर येतात. कॉलेजातल्या इंग्रजी निबंधाकडून याहून वेगळी अपेक्षा नसते. मूळपद आधी, भूगोल हवाच असेल तर निरूपणापुरता, आणि तुम्ही रापणकरांकडून गोळा केलेल्या हकिकती म्हणजे तुमचे आख्यान. परिच्छेदाचेही तसेच : त्याचे पहिले वाक्य एकटे वाचले तरी पुढे काय येणार, ते कळले पाहिजे. चारही पानांवरील परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये एका कागदावर उतरवून काढा. सलग वाचताना जेथे धागा तुटेल, तेथेच तुमचा लेख तुटला आहे.

सरावासाठी एक सांगतो. तुमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकातला एक चांगला परिच्छेद वाचा, मराठीत चार शब्दांची टिपणे काढा, पुस्तक मिटा आणि दुसऱ्या दिवशी टिपणांवरून तो इंग्रजीत लिहून मूळ मजकुराशी ताडून पाहा. जेथे तुमची वाट मूळ वाटेपासून फुटली, ती जागा वहीत नोंदवा. शब्दकोश इंग्रजी–इंग्रजी आणि उदाहरणवाक्ये देणारा वापरा, कारण कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद जाते, ते त्याच्यातच कळते. ‘निष्कर्ष काढणे’ यातला ‘काढणे’ इंग्रजीत ‘ड्रॉ’च्या रूपाने सुदैवाने तसाच भेटतो, पण ‘परीक्षा देणे’ यातल्या ‘देणे’साठी ‘गिव्ह’ लिहिले, तर मुंबई–रत्नागिरीत चालेल, परदेशी वाचकाला मात्र परीक्षा तुम्ही दिली की घेतली, हा प्रश्न पडेल.

प्रश्न : माझा मुलगा मोबाइलवरून पूर्ण निबंधच इंग्रजीत तयार करून घेतो. गुण चांगले मिळतात. हे चालू द्यावे का?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : चालू देऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतरत्र छापलेल्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या लागतात; पण पकडले जाण्याची भीती हे मी मुख्य कारण मानत नाही. परीक्षेच्या दालनात मोबाइल नसतो आणि त्या तीन तासांत वाक्य त्याचे त्यालाच जुळवावे लागते. परिच्छेद आधी स्वतः लिहावा, मग यंत्राला केवळ ‘चुका दाखव, दुरुस्त करू नकोस’ असे सांगावे आणि दुरुस्ती स्वतः करावी. एवढ्यापुरता तो मोबाइल मला मान्य आहे.

प्रश्न : आमच्या घरात मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि आता कॉलेजात इंग्रजी. मालवणीमुळे माझे इंग्रजी लेखन बिघडते, असे मित्र म्हणतात. खरे आहे का?
– एक विद्यार्थी, वेंगुर्ले

उत्तर : नाही. घरी ‘माका नको’ म्हणायचे आणि वहीत ‘मला नको’ लिहायचे, हे तुम्ही पाचव्या–सहाव्या वर्षीच शिकलात. बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांतले अंतर ओळखून पावले टाकणे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि इंग्रजी लेखनाला हेच लागते. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. इंग्रजी ते मुंबईस गेल्यावर शिकले, आणि त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये एकाच पानावर मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले. तुम्हीही वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा आणि दिवसातली एखादी घटना डावीकडे मराठीत, उजवीकडे इंग्रजीत लिहा. मात्र एक दिवस डावी बाजू आधी लिहा, तर दुसऱ्या दिवशी उजवी. उजवी बाजू ज्या दिवशी आधी लिहाल, त्या दिवशीची वाक्ये आखूड येतील. ती तशीच राहू द्या.