पिचरची कारकीर्द वाचायला सुरुवात कुठून करावी

बेसबॉलमधल्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, कारकीर्द आकड्यांवरून कशी वाचायची हे पहिल्याच आठवड्यात विचारलंत, हे फार बरं केलंत. सगळे आकडे एकदम डोक्यात घालू नका, सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी धरा.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे जय-पराजयावरून पिचर जोखणं. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमचा २०१८ चा हंगाम उघडा. १० विजय, ९ पराभव. साधाच वाटतो ना? आता शेजारचा रकाना बघा: ईआरए (क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळता पिचरने नऊ डावांमागे सरासरी दिलेल्या धावा) १.७०. म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर दोन धावासुद्धा नाहीत! २१७ डावांत २६९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). त्याच्या संघालाच धावा जमत नव्हत्या, त्याला तो काय करणार? वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि मला आजही त्याचं समाधान वाटतं.

- आधी ईआरए बघा, मग स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) शेजारी-शेजारी ठेवून.
- मधलं एखादं वर्ष कोरं दिसलं की 'संपला' म्हणू नका. टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर १९७४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, १९७५ चा हंगाम पूर्ण गेला. परतल्यावर त्याच्या नावावर आणखी १६४ विजय लागले.

स्पिन रेट (चेंडू स्वतःभोवती किती वेगाने फिरतो) वगैरे सध्या राहू द्या. आज एक सामना लावा आणि फक्त पिचरकडे बघा.