सोयरीक पाहून घराचे पैसे लावू नका

तुम्ही कॅनडातल्या मिसिसॉगाहून विचारलं आहे: तीन वर्षांनी घर घेण्यासाठी साठवलेले ४० हजार डॉलर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ कॅनडाच्या शेअरमध्ये टाकू का? मित्राचं म्हणणं, कंपनीवर ताबा असलेल्या देमारे घराण्याच्या हातात वर्तमानपत्र आहे, पंतप्रधानांशी सोयरीक आहे, ही कंपनी बुडायची नाही, शिवाय शेअर स्वस्त मिळतो.

हे पैसे तिथे टाकू नका.

मित्राची माहिती अर्धी शिळी आहे. माँट्रियलचं ‘ला प्रेस’ २०१८ मध्येच कंपनीने ना-नफा विश्वस्त संस्थेकडे सोपवलं, वर पाच कोटी डॉलर दिले. सोयरीक मात्र खरी. या घराण्यातले आंद्रे देमारे हे माजी पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांचे जावई. पण त्या नात्यातून तुमच्या खात्यात लाभांश जमा होत नाही. आणि कंपनी अढळही नाही: १९२५ मध्ये ती वीज कंपन्यांची मालक म्हणून उभी राहिली आणि १९६० च्या दशकात क्वेबेक सरकारने वीज ताब्यात घेतली, तेव्हा तिला धंदाच बदलावा लागला.

आजची कमाई मुख्यतः ग्रेट-वेस्ट लाइफको या विमा कंपनीतून आणि आयजीएम फायनान्शियलच्या फंडांतून येते. इथेच माझी खरी काळजी आहे. तुम्ही लिहिता, ऑफिसची पेन्शन योजना कॅनडा लाइफकडे आहे आणि म्युच्युअल फंड आयजीचे. दोन्ही याच समूहाचे! फंडातले पैसे वेगळे सांभाळले जातात, ते बुडतील असं मी म्हणत नाही. पण शेअरही घेतलात, तर पगार सोडून तुमचं सगळंच एका घराण्याच्या दारात जाईल. शिवाय तुम्हाला मिळणाऱ्या शेअरला एक मत, घराण्याकडच्या खास शेअरला दहा. निर्णय पटला नाही, तर विकून बाहेर पडण्यापलीकडे तुमच्या हाती काही नाही.

होल्डिंग कंपनीचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपनीचा, शेअर तिच्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळतो, हे मित्र बरोबर सांगतो. पण ती सूट वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. २००८ च्या पडझडीनंतर कितीतरी वर्षं लाभांश वाढलाच नव्हता.

घराचे पैसे जीआयसीत, म्हणजे ठरावीक व्याजाच्या मुदत ठेवीत, ठेवा, मुदत खरेदीच्या तारखेआधी संपेल अशी. टीएफएसए या करमुक्त बचत खात्याची मर्यादा शिल्लक असेल तर ती जीआयसी त्यातच घ्या, म्हणजे व्याजावर कर नाही. कंपनी आवडलीच असेल, तर निवृत्तीच्या रकमेतून थोडे शेअर घ्या, पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि त्याआधी आयजीच्या फंडांचं वार्षिक शुल्क किती, ते मला कळवा.