हिणकस, खोटे आणि अनधिकृत

इंग्रजीत 'बार्बरस रेडिएट' (शब्दशः 'रानटी किरणमुकुटी') म्हणतात त्या ओबडधोबड रोमन नाण्यांना मराठीत 'हिणकस नाणी' म्हणावे की 'खोटी नाणी', असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही म्हणू नये. त्यातही 'हिणकस' मुळीच नको, कारण फसलेल्या विनोदापासून मोडक्या खुर्चीपर्यंत सगळ्यालाच हिणकस म्हणण्याच्या सवयीने मराठीतला एक अत्यंत नेमका शब्द बोथट होत चालला आहे.

हीन कस तो हिणकस. सराफ दागिना काळ्या दगडावर ओढतो, उमटलेली रेघ शुद्ध सोन्याच्या रेघेशेजारी ठेवून पाहतो आणि ती फिकी पडली की मालात भेसळ आहे हे ओळखतो; त्या परीक्षेला कस म्हणतात. कसोटी, निकष आणि बावनकशी ही याच घरातली माणसे. 'कस' म्हणजे सत्त्व, म्हणून हिणकस म्हणजे निःसत्त्व, असा उलगडा काही जाणकार करतात, पण त्यांनी गाडी बैलांपुढे जोडली आहे. दगडावरच्या परीक्षेत जे उतरते ते सत्त्व. परीक्षा आधी आणि सत्त्व हा अर्थ मागाहून, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा हिणकसपणा हा धातूचा दोष आहे, घडणीचा नव्हे आणि अधिकाराचाही नव्हे.

आता ही नाणी पाहा. रोमन सम्राट काराकल्लाने इ. स. 215 मध्ये किरणांचा मुकुट घातलेल्या चेहऱ्याचे चांदीचे नाणे काढले, तेव्हा त्यात निम्मी चांदी होती. 270 च्या सुमारास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, रोमपासून फुटलेल्या टेट्रिकस या सम्राटाची सत्ता असताना त्याच प्रकारच्या नाण्यात शेकडा एकदोन भाग चांदीही जेमतेम उरली होती. म्हणजे हिणकस होते ते खुद्द सरकारी टांकसाळीतले नाणे, आणि तरीही ते खरे होते. रोमचा सम्राट ऑरेलियन याने 274 मध्ये गॉल परत मिळवल्यानंतरच्या काळात गॉल आणि ब्रिटनमध्ये त्या सरकारी नाण्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. सरकारी नाणे 18 ते 20 मिलिमीटरचे, तर नक्कल 14 मिलिमीटरची किंवा तिच्याहूनही लहान. मुकुटाची किरणे कंगव्याच्या दातांसारखी, सम्राटाच्या नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि मागची देवता काड्या जोडून केल्यासारखी. ज्या जुन्या युरोपीय पंडितांनी यांना 'बार्बरस' ठरवले, त्यांनी कारागिराच्या कच्च्या हातावरून त्याची जात ठरवली, आणि ते चूकच होते. ही नाणी साम्राज्याच्या आत, रोमच्या प्रजेनेच पाडली होती. त्यामुळे 'रानटी नाणी' हे भाषांतरही टाकून द्यावे.

खोटेपणा हेतूत असतो. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून कोणी तो दिनारियस, म्हणजे रोमचे चांदीचे नाणे, म्हणून खपवला, तर तो खोटा. पण इ. स. 43 मध्ये ब्रिटन जिंकल्यावर सैन्याच्या छावण्यांत सम्राट क्लॉडियसच्या, मागे मिनर्व्हा देवी असलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या नकला सर्रास चालत होत्या, कारण रोमहून पुरेशी सुटी नाणी येतच नव्हती. छावणीच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चाललेल्या व्यवहाराला फसवणूक कसे म्हणावे?

आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीने हा भेद फार बारकाईने जपला आहे. खोट्या नाण्याला तिथे 'कूट' म्हटले आहे आणि ते पाडणाऱ्याला सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. पण लगेच पुढच्या श्लोकात, जो नाणकपरीक्षी, म्हणजे नाणी पारखणारा, अकूटाला कूट म्हणेल किंवा कूटाला अकूट म्हणेल, त्यालाही तितकाच दंड आहे. 'नाणकपरीक्षी' हा शब्द संग्रहालयांनी पुन्हा वापरात आणावा अशी माझी फार इच्छा आहे.

वाचकाने टेट्रिकसच्या नकलांना 'किरणमुकुटी नाण्यांच्या अनधिकृत अनुकृती' म्हणावे. क्लॉडियसच्या नकलांना मात्र 'स्थानिक अनुकृती' इतकेच म्हणावे, कारण त्यांच्यामागे सेनाधिकाऱ्यांची मूक संमती असण्याचा संभव खराखुरा आहे.