ट्विस्ट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय? त्याचा ‘दोन’शी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि अगदी मुळातला आहे. आज ट्विस्ट म्हटलं की आपल्याला पीळ, वळण, मुरगळणं आठवतं. हे सगळे अर्थ नंतरचे. आधी होता तो फक्त दोन हा आकडा.

संस्कृतातला द् इंग्रजीच्या घराण्यात त् होऊन येतो: दशन् तिथे टेन, दंत तिथे टूथ, द्वि तिथे टू. त्या द्वि-टूच्याच मुळापासून जुन्या जर्मानिक भाषांत ‘ट्विस्’ हे रूप निघालं, अर्थ ‘दोन ठिकाणी, दुभंगून’. ट्विन (जुळं), ट्वाइन (दुपदरी सुतळी), बिट्वीन (दोहोंच्या मध्ये) आणि ट्वेल्व (दहा मोजून दोन उरले ते) ही त्याचीच भावंडं. कापडातलं ट्विल (तिरप्या रेघांची वीण) हेही याच घरातलं. लॅटिनमध्ये त्या विणीला ‘दोन धाग्यांची’ अशा अर्थाचा बिलिक्स शब्द होता, इंग्रजांनी त्यातला ‘बि’ काढून आपला ‘ट्वि’ बसवला. स्कॉटलंडमध्ये ट्विलचा उच्चार ट्वील, आणि त्यात ट्वीड नदीच्या नावाची सरमिसळ होऊन ट्वीड हे कापडाचं नाव झालं.

आता गंमत अशी की दोन म्हटलं की दोन गोष्टी होऊ शकतात: एकाचे दोन, किंवा दोनाचं एक. युरोपातल्या शेजारी भाषांनी पहिली वाट धरली. जर्मनमध्ये झ्विस्ट, डचमध्ये ट्विस्ट, स्वीडिश-डॅनिशमध्ये त्विस्त, सगळ्यांचा अर्थ भांडण, तंटा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपली दुही आणि दुफळी त्याच हिशेबाने तयार झाली आहे. इंग्रजीने मात्र मुख्यतः दुसरी वाट धरली. जुन्या इंग्रजीत ‘मॅस्टट्विस्ट’ असा जोडशब्द सापडतो, तो जहाजाची डोलकाठी ताणून धरणाऱ्या दोरासाठी. दोन पदर एकत्र वळून केलेला दोर तो ट्विस्ट, असा याचा उलगडा करतात आणि मला तो पटतो.

दुभंगण्याचा अर्थ इंग्रजीतून लगेच गेला नाही. चौदाव्या शतकात बिजागरीच्या पट्टीला ट्विस्ट म्हणत. इंग्रज कवी चॉसरच्या मर्चंटच्या (व्यापाऱ्याच्या) कथेत बायको आंधळ्या नवऱ्याच्या पाठीवर पाय देऊन ‘ट्विस्ट’ धरून झाडावर चढते. तिथे तो शब्द फांदीसाठी आहे, खोडापासून फुटून दुसरी झालेली. मेंढ्या आणि गुरं पारखणारे इंग्रज आजही जनावराच्या मागच्या दोन मांड्या जिथे मिळतात त्या जागेला ट्विस्ट म्हणतात. तिथे पीळ अजिबात नसतो, दुबेळकं असतं. जुना अर्थ टिकलाय तो असा एखाद्या धंद्याच्या बोलीत.

मग दोनमधून पीळ कसा आला? हे शब्दकोश वाचून कळण्यापेक्षा हाताने करून बघा. मीटरभर सुती दोरा घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं चिमटीत धरून एकाच दिशेने फिरवत राहा. दोऱ्याला आधीचा पीळ असतो, त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलात तर तो आधी उकलेल. दोरा सतत ताणलेला ठेवा. जरा सैल केल्यावर तो आपोआप वेटोळी घालू लागला, की पीळ पुरेसा झाला. आता मधोमध धरून घडी घाला, दोन्ही टोकं एकत्र आणा आणि मधला भाग सोडा. दोन पदर स्वतःहून एकमेकांभोवती गुंडाळले जातील, तेही तुम्ही दिलेल्या पिळाच्या उलट दिशेने. हाती येईल तो अर्ध्या मीटरपेक्षा थोडा आखूड, दुपदरी, न उकलणारा दोर. घडी घालण्याआधीच ताण सोडला तर जागोजागी गाठीसारखी वेटोळी बसतात आणि दोर वाया जातो. दोन पदर पीळ दिल्याशिवाय एक होत नाहीत, म्हणून ‘दोनाचं एक करणं’ याचंच ‘पीळ देणं’ झालं. दोन किंवा अधिक पदर वळून सूत करणं या अर्थाने हे क्रियापद पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतं. पिळून काढणं या अर्थाची नोंद तर त्याच्याही आधीची, साधारण १२०० च्या सुमाराची.

सूतगिरणीत हाच नियम आकड्यांत बसवलेला आहे. सूत उभं धरल्यावर पिळाची रेघ उजवीकडे वर चढत असेल तर तो झेड पीळ, डावीकडे चढत असेल तर एस. त्या अक्षरांच्या मधल्या रेघेवरून ही नावं. एकेरी सूत बहुतेक झेड काततात आणि दुपदरी करताना एस देतात, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना रोखून धरतात. दर इंचाला किती पीळ, याला टीपीआय म्हणतात. इंग्रजी काउंटचं (सूत किती बारीक ते सांगणारा आकडा) वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ट्विस्ट मल्टिप्लायरने, म्हणजे सुताच्या कामाप्रमाणे ठरणाऱ्या गुणकाने, गुणायचं. ३६ काउंटचं वर्गमूळ ६; ताण्याच्या सुताला मल्टिप्लायर ४ धरला तर २४ टीपीआय, होजिअरीच्या मऊ सुताला ३.५ धरला तर २१. तेच सूत दुपदरी केलं तर उलट पीळ साधारण सत्तर टक्के, म्हणजे २४ ला १७ च्या आसपास देतात, मग सूत सैल सोडलं तरी वेटोळत नाही. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरतात आणि सूत ओघळतं. जास्त झाला तर तंतू इतके तिरके होतात की ओढीला त्यांचा उपयोग कमी होतो. ठरावीक मर्यादेपुढे पीळ वाढवत गेलं तर सूत उलट कमजोर होतं. जास्त पिळाचं सूत मागावर सैल पडलं की आढ्या पडतात, तिथेच तुटतं, आणि कापडात ती जागा दिसते.

ताणा मागावर ताणलेला राहतो आणि घासला जातो, म्हणून त्याला बाण्यापेक्षा जास्त पीळ लागतो. त्यामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायर या सूतगिरण्यांच्या भागातल्या व्यापारात ताण्याच्या सुतालाच नुसतं ट्विस्ट म्हणू लागले. आर्कराइटने १७६९ मध्ये पेटंट घेतलेल्या, पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचं घट्ट सूत ते वॉटर ट्विस्ट, क्रॉम्प्टनच्या म्यूल यंत्राचं ते म्यूल ट्विस्ट. तिथून हा शब्द हिंदुस्थानच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यांत ‘कॉटन ट्विस्ट अँड यार्न’ असा शिरला.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो. पीळ दिलेली तंबाखू ट्विस्ट झाली, दोन पेयं मिसळली तरी ट्विस्ट. ग्रोसच्या १७८५ च्या बाजारू बोलीच्या कोशात अर्धा चहा-अर्धी कॉफी हा अर्थ आहे आणि ‘गुड ट्विस्ट’ म्हणजे सडकून भूक हाही आहे. डिकन्सच्या ऑलिव्हरचं आडनाव वाचताना हे लक्षात ठेवावं. गोष्टीत वर्णानुक्रमाने ‘टी’वरून ते नाव ठेवलेलं आहे, पण आणखी जेवण मागणाऱ्या पोराला ते किती चपखल बसतं! ट्विस्टर म्हणजे लबाड माणूस, अमेरिकेत टॉर्नेडो वादळ. कथेतली कलाटणी हा अर्थ विसाव्या शतकातला. चबी चेकरच्या गाण्याने १९६० मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला आणि ट्विस्ट नाच जगभर गेला. त्या नाचात जोडीदार एकमेकांना हातही लावत नाहीत. दोघांना एकत्र बांधणाऱ्या शब्दाचा हा प्रवास मला फार विलक्षण वाटतो.

मराठीत आणताना एकच शब्द सगळीकडे चालवू नका. पाय मुरगळतो, कान पिरगळतात, वात आणि दोर वळतात, ओला कपडा पिळतात, नाक मुरडतात. शब्द ट्विस्ट केले तर विपर्यास, गोष्टीत ट्विस्ट आला तर कलाटणी. आर्म-ट्विस्टिंगला ‘हात पिरगळणे’ फक्त खऱ्याखुऱ्या हातासाठी वापरा, राजकारणाच्या बातमीत ‘दबाव आणणे’ म्हणा. सुंभ जळाला तरी ज्यात राहतो तो ताठाचा पीळ मात्र इंग्रजी ट्विस्टमध्ये नाही, तेव्हा त्या म्हणीच्या भाषांतरात हा शब्द घालून काम भागणार नाही. आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या व्यापारी अहवालात ‘इतके पौंड ट्विस्ट’ असं दिसलं तर पौंड हे वजन आहे, आणि ट्विस्टच्या जागी ‘सूत’ लिहा.