मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या नावाचं बँक खातं आत्ताच उघडावं का?

उघडा, पण त्याआधी तिच्या हातात रोख पैसे द्या. तान्ह्या पोळ्याला मिळालेला बोजारा, म्हणजे मुलांना दिलेले खाऊचे पैसे, आपण ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून काढून घेतो आणि तिथंच मुलांचं शिकणं थांबतं. तो तिलाच मोजू द्या, वहीत लिहू द्या, गोकुळपेठ बाजारात अर्धा किलो संत्री घेऊन उरलेले पैसे तिलाच परत घ्यायला लावा. भलतंच काही घेऊन पैसे संपवले तरी भरपाई करू नका. आईबापांना हे फार जड जातं, पण हिशेब त्यातूनच कळतो. खात्याचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं. तोवर ते पालकांमार्फतच चालतं. मात्र रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्डाचं प्रत्येक बँक आपापलं ठरवते, तेव्हा शाखेत आधी विचारून घ्या.